उंटाचा ताप, शहामृगाची धाप

1953-54 मध्ये क्नुट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या पत्नी बोदिल हे दोघे शरीरक्रियाशास्त्रज्ञ अल्जीरियातल्या बेनी अब्बेस या सहाराच्या ओॲसिसवर मुक्काम ठोकून होते. उंटांना पाण्यावाचून ठेवायचे, त्यांचे वजन करायचे, थर्मामीटर लावायचा आणि आकडे लिहून ठेवायचे, हा त्यांचा उद्योग. उंट पाणी कुठे साठवतो, यावर तोपर्यंत उंटावरच्या शहाण्यांनी बरेच काही सांगून ठेवले होते. पोटात पाण्याच्या पिशव्या असतात म्हणे, नाहीतर मदारीत तरी टाकी असते म्हणे.

दोन्ही गोष्टी खोट्या ठरल्या. पोटातल्या कप्प्यांत सापडला तो पाचकरस आणि अर्धवट रवंथ केलेला चारा. मदारीत तर निव्वळ चरबी. ती जाळली की जवळपास तिच्याच वजनाचे पाणी तयार होते, हे खरे. पण जाळायला प्राणवायू हवा, त्यासाठी श्वास घ्यायला हवा आणि कोरड्या हवेतला प्रत्येक श्वास शरीरातले पाणी घेऊन बाहेर पडतो. हा व्यवहार तोट्याचाच. मदार म्हणजे उंटाची शिदोरी, पखाल नव्हे. ती एकाच जागी असल्याने बाकीचे अंग चरबीच्या थराखाली गुदमरत नाही, हा आणखी एक फायदा.

उंटाचे खरे गुपित थर्मामीटरने उघड केले. रोज पाणी मिळणाऱ्या उंटाचे तापमान दिवसभरात जेमतेम दोन अंशांनी हलते. तहानलेल्या उंटाचे मात्र पहाटे 34 अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि दुपारी चाळिशी ओलांडते. माणसाचा पारा एवढा चढला तर घरची मंडळी दवाखान्याकडे धाव घेतील. उंट मात्र घाम गाळून हा ताप उतरवायच्या भानगडीत पडत नाही. दगडी वाड्याच्या भिंतीसारखा तो दिवसभर तापत राहतो आणि रात्रीच्या थंड हवेत फुकटात निवतो. मोठ्या उंटाचे यात दिवसाला पाचेक लिटर पाणी वाचते, असा श्मिट-नील्सन यांचा हिशेब होता. शिवाय अंगच तापलेले असल्यामुळे बाहेरची उष्णता आत शिरण्याचा वेगही मंदावतो.

अंगावरची लोकर हाही याच बंदोबस्ताचा भाग. उन्हाळ्यात केस कातरले तर उंटाला गार वाटेल, असा आपला समज. बेनी अब्बेसला कातरलेल्या उंटाचे निम्म्याने जास्त पाणी खर्च झाले!

एवढे करूनही पाणी घटतेच. वजनाच्या दहा-बारा टक्के पाणी गेले की वाळवंटातल्या माणसाचे रक्त दाटू लागते, आतली उष्णता त्वचेपर्यंत पोचेनाशी होते आणि मृत्यू समोर दिसतो. उंट पंचवीस टक्के घट सोसूनही चालत राहतो, कारण त्याचे पाणी रक्तातून कमी आणि इतर ऊतींतून जास्त जाते. मग पाणवठा लागला की दहा मिनिटांत शंभर लिटर रिचवतो. इतर सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशी अशा पुरात फुटतील. उंटाच्या लंबगोल पेशी दुपटीहून जास्त फुगूनही शाबूत राहतात.

याच श्मिट-नील्सन यांनी पुढे, 1960 च्या दशकात, शहामृगाला थर्मामीटर लावला आणि तिथे गणित उलटे निघाले.

शहामृगाला घामाच्या ग्रंथीच नाहीत. भोवतालची हवा पन्नास अंशांच्या वर नेली तरी कित्येक तास त्याचे तापमान चाळिशीच्या आतबाहेर स्थिर राहिले. तो धापा टाकतो. श्वासाचा वेग मिनिटाला चाळीसच्या घरात जातो आणि श्वसनमार्गाच्या ओल्या पृष्ठभागावरून वाफ निघून अंग थंड होते. तासन्‌तास अशा धापा टाकल्या की रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जाऊन आम्ल-अल्कलीचा तोल बिघडायला हवा. शहामृगाचा तो फारसा ढळत नाही, आणि हेच पुढच्या संशोधकांसमोरचे कोडे ठरले.

वाफेवर पाणी उधळणारा हा पक्षी वाळवंटात टिकतो, कारण इतर खर्चांत तो कमालीचा चिक्कू आहे. रसदार झुडपांतून मिळेल तेवढे पाणी घेतो आणि नको असलेला नायट्रोजन बहुतांशी घट्टसर युरिक ॲसिडच्या रूपात टाकतो. पिसे तर त्याची छत्री आणि गोधडी दोन्ही. उन्हात पाठीची पिसे उभारून तो ऊन कातडीपासून दूर ठेवतो, पंख फाकून उघड्या मांड्यांवर वारा घेतो आणि रात्री पिसे मिटून त्याच मांड्या झाकतो. वाळूत डोके खुपसायची वेळ त्याच्यावर येत नाही. खड्ड्यातली अंडी चोचीने फिरवताना लांबून तसे दिसत असेल, एवढेच.

हे दोघे वाळवंटाचे मूळ रहिवासी, असे मात्र समजू नये. उंटाचे घराणे उत्तर अमेरिकेतले. कॅनडाच्या एल्समीर बेटावर, पार आर्क्टिकमध्ये, सापडलेल्या पायाच्या हाडाच्या तुकड्यांतले कोलॅजेन हे प्रथिन तपासून 2013 मध्ये संशोधकांनी ते एका अवाढव्य उंटाचे असल्याचे जाहीर केले. वय सुमारे 35 लाख वर्षे. तेव्हा तिथे जंगल होते आणि काही महिन्यांची रात्रही. पसरट पाय आणि चरबीची मदार आधी बर्फात कामी आली असावी, हा त्यांचा तर्क मोहक आहे, पण मदारीचे जीवाश्म मिळत नसल्याने तो तर्कच राहील.

आणि शहामृग खानदेशात होते. चाळीसगावजवळच्या पाटणे इथल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे सुमारे 25 हजार वर्षांपूर्वीचे तुकडे मिळाले. एकावर माणसाने कोरलेली आडव्यातिडव्या रेषांची जाळी आहे. राजस्थान आणि मध्य प्रदेशातल्या अशाच कवचांमधला डीएनए हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेने तपासला. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की, हे पक्षी आजच्या आफ्रिकी शहामृगाचेच सगेसोयरे होते.

भारतातले शहामृग संपले. उंट टिकला, पण तोही उतरणीला लागला आहे. 2012 च्या पशुगणनेत देशात चार लाख उंट होते. 2019 मध्ये अडीच लाख. ओझ्याचे काम ट्रॅक्टर-ट्रकांनी नेले आणि कुरणे आकसली. राजस्थानने 2014 मध्ये त्याला राज्यप्राणी केले आणि पुढच्याच वर्षी कत्तलीवर बंदी आणून परराज्यात नेण्यावरही निर्बंध घातले. हेतू जतनाचाच होता. पण बाहेरचे गिऱ्हाईक तुटल्याने उंटांचे भाव पडले, अशी राईका उंटपालकांची तक्रार आहे, आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. नर उंट विकला गेला नाही तर कळप पाळायचा खर्च निघणार कुठून? दुधाचा धंदा हा एक मार्ग काहींनी धरला आहे.