सुईणीची परीक्षा कशी घ्यायची?

वर्धा जिल्ह्यात सेलू तालुक्यात, बोर धरणाच्या वाटेवर हिंगणी नावाचे गाव आहे. तिथल्या किंवा तुमच्या गावच्या शाळेत सहज करता येईल असा एक प्रयोग आधी सांगतो. पळसाची फुले उकळून रंगीत पाणी तयार करा. मुलांच्या नकळत त्यातले बरोबर अर्धा लिटर मोजून घ्या. थोडे जुन्या लुगड्यावर, थोडे जमिनीवर ओता. मग प्रत्येकाला विचारा, हे पाणी किती? उत्तरे फळ्यावर लिहा. मोजलेले पाणी एकच असले तरी अंदाज किती वेगवेगळे येतात, ते पाहा.

या प्रयोगाचा बाळंतपणाशी जवळचा संबंध आहे. दिवस भरत आलेल्या बाईच्या गर्भाशयाला दर मिनिटाला सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त रक्त पुरवले जाते. मूल जन्मल्यावर वार सुटते आणि तिच्या जागेच्या रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. तरीही बहुतेक बायांचा रक्तस्राव थोडक्यात थांबतो. तो कसा? गर्भाशयाचे स्नायुतंतू उभे-आडवे एकमेकांत गुंतलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्यामधून जातात. स्नायू आवळले की वाहिन्या दाबल्या जाऊन बंद होतात. स्नायू सैल राहिले, तर रक्त वाहतच राहते. अर्धा लिटर रक्त गेले की धोक्याची घंटा समजायची. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईला तर त्याहून कमी स्रावही झेपत नाही.

अशा वेळी सुईणीने काय करायचे ते ठरलेले आहे. मूल जन्मल्यापासून एका मिनिटात ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन द्यायचे, गर्भाशय कडक झाले आहे का ते पोटावर हात ठेवून पाहायचे, सैल असेल तर चोळायचे, रक्त मोजायचे आणि वेळेत पुढे पाठवायचे. हे सगळे पाच ओळींत लिहिता येते. विद्यार्थिनी ते पाठही करील आणि पेपरात पूर्ण गुण मिळवील. पण रात्री दोन वाजता, समोर घाबरलेले नातेवाईक असताना, तिचा हात योग्य जागी पडेल का? लेखी परीक्षा याचे उत्तर देऊ शकत नाही. पोहण्यावर निबंध लिहिणारा पोहू शकतो की नाही, हे पाण्यातच कळते.

म्हणून या शिक्षणाचा दर्जा तीन ठिकाणी तपासावा लागतो.

पहिली गोष्ट सरावाची. युरोपीय संघाच्या नियमानुसार सुईणीच्या विद्यार्थिनीने किमान 40 बाळंतपणे स्वतः करायची असतात. आता हिशोब करा. वर्गात 30 मुली असतील तर 1200 बाळंतपणे लागतील. ज्या रुग्णालयात महिन्याला 100 बाळंतपणे होतात, तिथली वर्षभराची सगळी यातच संपतील. शिवाय तिथे डॉक्टरकीचे विद्यार्थीही शिकत असले, तर मुलींच्या वाट्याला उरते ते नुसते बघणे. वर्गातील जागा वाढवताना हा भागाकार करायलाच हवा.

दुसरी गोष्ट हाताच्या परीक्षेची. प्रत्येक कामाचे टप्पे आधी लिहून ठेवायचे. आधी बाहुलीवर, मग देखरेखीखाली प्रत्यक्ष बाईवर ते काम करून घ्यायचे आणि परीक्षकाने एकेका टप्प्यावर खूण करायची. यादी सर्वांना एकच असल्यामुळे परीक्षकाची मर्जी चालत नाही.

तिसरी गोष्ट शाळेच्या परीक्षेची, आणि ती बाहेरच्यांनी घ्यायची. याचे मोठे उदाहरण अफगाणिस्तानचे आहे. युद्धानंतर, 2002 साली, त्या देशात जेमतेम 467 सुईणी उरल्या होत्या. त्याच वर्षीच्या पाहणीनुसार दर लाख जन्मांमागे सुमारे 1600 माता दगावत होत्या. घाईघाईने हजारो मुलींना प्रमाणपत्रे वाटण्याचा मोह सहज झाला असता. त्यांनी मात्र दुर्गम भागांतल्या मुली त्यांच्याच गावांच्या संमतीने निवडल्या, अभ्यासक्रम आखला आणि शाळा तपासून मान्यता देणारे मंडळ 2005 साली उभारले. शिकवणारीला स्वतःला काम येते का, सरावाला पुरेशी बाळंतपणे मिळतात का, हेही तपासले जाई. पुढे काही हजार सुईणी तयार झाल्या. डिसेंबर 2024 मध्ये तिथल्या तालिबान राजवटीने मुलींचे हे शिक्षणच बंद केले. बांधायला वीस वर्षे लागली, मोडायला एक हुकूम पुरला.

इतक्या दूर जायलाही नको. आपल्या गडचिरोलीत, जंगलाच्या आणि सशस्त्र संघर्षाच्या छायेतल्या जिल्ह्यात, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 39 गावांत थोड्या शिकलेल्या बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या गावांचा विचार करता नवजात मृत्यूंचे प्रमाण तिथे सुमारे 62 टक्क्यांनी घटले. आमच्या मते यातला महत्त्वाचा भाग असा की, प्रशिक्षण संपल्यावरही त्या बायांच्या कामाची आणि नोंदींची नियमित तपासणी चालू राहिली.

तपासणी विरली की काय होते, ते उत्तर प्रदेशातल्या एका मोठ्या प्रयोगात दिसले. त्याचे निष्कर्ष 2017 साली आले. तिथे प्रसूतिकेंद्रांतल्या कर्मचाऱ्यांना कामाची यादी आणि आठ महिने हळूहळू कमी होत जाणारे मार्गदर्शन दिले होते. दोन महिन्यांनी ठरलेल्या कृतींपैकी सुमारे 73 टक्के पाळल्या जात होत्या, वर्षभराने 62 टक्के. मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. म्हणजे यादी हवीच, पण नुसत्या यादीने काम भागत नाही. हातातले कौशल्य, थंड जागी ठेवलेले औषध, रक्त आणि वाहन हे सगळे सोबत लागते.

भारत सरकारने 2018 साली सुईणींसाठी 18 महिन्यांच्या खास अभ्यासक्रमाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. तुमच्या शाळेतली एखादी मुलगी उद्या तिकडे जाईल. तिने शाळा निवडताना इमारत पाहू नये, एवढेच विचारावे: मला किती बाळंतपणे स्वतः करायला मिळतील आणि माझे हात कोण तपासेल?

आता पहिल्या प्रयोगाकडे वळू. तेच पाणी पुन्हा ओता, पण या वेळी लुगड्याखाली खुणा केलेले पसरट भांडे ठेवा आणि त्यात साचलेले पाणी वाचायला सांगा. उत्तरे जवळजवळ येतील. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेतल्या 80 रुग्णालयांत असेच केले गेले. खुणांची पिशवी बाळंतिणीखाली ठेवून रक्त मोजले आणि ठरलेले उपचार ताबडतोब एकत्र दिले. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तीव्र रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम 60 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. रक्त अंदाजाने मोजून चालत नाही, तसेच सुईणीचे शिक्षणही.