पाठवणी असते कडेला! डीव्हीडीतून फाइल करण्याआधीच्या 8 गमती

सांगलीजवळच्या कुपवाडात कुणाचंही लोखंडी कपाट उघडा, लग्नाच्या अल्बमखाली एखादं पाउच सापडतंच. आत चकत्या, त्यांवर मार्करनं लिहिलेलं: ‘लग्न भाग 1’, ‘लग्न भाग 2’, ‘बारसं’. प्लेअर कधीच भंगारात गेलेला. पण यूएसबीचा डीव्हीडी ड्राइव्ह आणि एक मोकळा रविवार मिळाला, की हे सगळं पेनड्राइव्हवर येतं.

1. उलटी चाल. जुनी तबकडी बाहेरून आत वाजायची. डीव्हीडी मधल्या भोकापासून बाहेर सरकते. म्हणजे हळद भोकाशी आणि भरलेल्या चकतीवर पाठवणी अगदी कडेला. बोटंही तिथंच लागतात!

2. सांगली-मिरज अंतराहून लांब. 12 सेंटिमीटरच्या चकतीवरचा सर्पिल माग उलगडला, तर सुमारे 12 किलोमीटर भरेल.

3. पुसायचं सरळ. मऊ सुती कापडानं भोकाकडून कडेकडे पुसा. गोल गोल पुसताना ओरखडा पडला तर तो मागाच्या दिशेनंच जातो आणि सलग दृश्यं खातो.

4. रिकामा फोल्डर. ‘ऑडिओ टीएस’ रिकामा दिसला म्हणून घाबरू नका. सनईचे सूर ‘व्हिडिओ टीएस’मधल्या व्हीओबी फाइलींतच असतात.

5. एक लग्न, अनेक तुकडे. एक व्हीओबी फाइल जास्तीत जास्त 1 जीबीची, म्हणून अंतरपाट एकीत आणि अक्षता दुसरीत. 2003 पासूनचं हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर त्यांची सलग एमपी4 करून देतं.

6. बांगड्यांना फणीचे दात. हात हलला, की कडेला आडव्या रेघा दिसतात. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला 25 चित्रं, प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत विणलेलं. हँडब्रेकमधला ‘डीइंटरलेस’ पर्याय निवडला, की रेघा जातात.

7. 34 रुपयांची आठवण. 2007 च्या सुमारास मोझर बेअरनं सिनेमाची व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली होती. कंपनीच्या डीव्हीडीतली माहिती साच्यानं छापलेली असते. शूटिंगवाल्यानं दिलेली मात्र रंगाच्या थरावर लेसरनं लिहिलेली, आणि तो रंग उन्हानं विटतो. म्हणून आधी घरच्या चकत्या घ्या, सिनेमे नंतर.

8. पाउच खिशात. साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी मावतात. अशा 50 चकत्या, काहीही न दाबता, 256 जीबीच्या एका पेनड्राइव्हवर बसतात.

फाइल तयार झाली, की आधी शेवटची पाच मिनिटं बघा. कडेची पाठवणी नीट आली असेल, तर बहुतेक सगळंच नीट आलंय. मग दोन प्रती करा. 2019 चा महापूर सांगलीकरांना सांगायला नको, म्हणून दोन्ही एका घरात नकोत. एक कुपवाडात राहू द्या, दुसरी लेकीच्या सासरी पाठवा. पाठवणी तिचीच तर आहे.