कार्बनची शर्यती चाके : जुनी घडण आणि नवी घडण

चादरी आणि टॉवेल यांच्या विणकामासाठी ज्ञात असलेल्या सोलापुरात कार्बनच्या सायकलचाकाचे स्वरूप समजावून देणे तुलनेने सोपे आहे. कारण या चाकाची रिम मूलतः राळेत थिजविलेले वस्त्रच होय. पॉलिअ‍ॅक्रिलोनायट्राइल या कृत्रिम धाग्याला प्राणवायूविरहित भट्टीत हजार अंशांहून अधिक तापविले म्हणजे कार्बनचा तंतू उरतो. अशा हजारो तंतूंचे पेड इपॉक्सी राळेत भिजवून साच्यात थरावर थर रचतात आणि दाब व उष्णता देऊन घट्ट करतात.

जुन्या चाकांवर तिरप्या रेघांची वीण ठळकपणे दिसे, व ग्राहकाला तीच उत्तमपणाची खूण वाटे. परंतु मागावर बसणारा कोणीही सांगेल की, ताणा आणि बाणा एकमेकांच्या वरून-खालून जाऊ लागले म्हणजे धागा सरळ राहत नाही. त्यात लहर येते. चादरीला ही लहर उपकारक ठरते. रिमला मात्र ती बाधक होते, कारण ताण पडताच लहरीतला धागा आधी सरळ होऊ पाहतो आणि तेवढा ताठपणा उणा पडतो. म्हणून नव्या रिममध्ये बहुतांशी न विणलेले, एकाच दिशेचे थर कोन बदलून रचलेले असतात. दिसण्यात ती साधीच असते.

तथापि जुन्या व नव्या चाकांतील मुख्य भेद तंतूंत नाही, वजनात तर नाहीच. रिमवरील वस्तुमान वेग घेताना सुमारे दुप्पट मोजावे लागते, हे खरे. पण चाकांची जोडी २०० ग्रॅमने हलकी केली तरी स्वार व सायकल मिळून ८० किलोग्रॅम असताना हा लाभ फार तर अर्ध्या टक्क्याचा, आणि तोही केवळ वेग वाढविताना. ताशी ४० किलोमीटर वेगाने सपाटीवर जाणाऱ्याची बहुतेक शक्ती हवेशी झगडण्यात खर्च होते. येथे आकाराला महत्त्व येते.

जुनी रिम इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी, आतल्या कडेला निमुळती असे. चाकाच्या पुढच्या अर्ध्या भागात वारा प्रथम टायरला भिडतो. मागच्या अर्ध्यात तो प्रथम रिमच्या या आतल्या कडेला भिडतो. कड धारदार असली तर तिरपा वारा तिच्यापासून सुटतो, भोवरे उठतात आणि हँडलला हिसका बसतो. नव्या रिमची कड गोलसर असल्याने प्रवाह अधिक काळ चिकटून राहतो. सोलापूरहून विजापूरकडे जाणारा रस्ता जवळजवळ दक्षिणेला जातो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा तेथे बाजूने येतो. उंच रिमच्या जुन्या चाकावर त्या रस्त्याने जाणाऱ्याला हा भेद तक्त्यावाचून कळतो.

रुंदीचाही प्रश्न आहे. रिम टायरहून निदान ५ टक्के रुंद असावी, असा एक व्यवहारी नियम रूढ आहे. जुन्या अरुंद रिमवर २१ किंवा २३ मिलिमीटरचे टायर ११०–१२० पौंड हवा भरून चालवीत. नव्या रिमवर २८ मिलिमीटरचा टायर ६५–७५ पौंडांवर चालतो. खडबडीत डांबरावर कठीण टायर उसळतो व स्वाराची शक्ती धक्क्यांत वाया जाते, हे ध्यानात आल्यावर ‘जितकी हवा अधिक तितका वेग अधिक’ ही समजूत मागे पडली. शिवाय ट्यूबविरहित टायरमधील द्रव बाभळीच्या काट्याचे छिद्र आपोआप बुजवितो. जुन्या शिवलेल्या, डिंकाने चिकटविलेल्या टायरला काटा लागला तर शिवण उसवण्यावाचून गत्यंतर नसे!

हे सर्व बदल पूर्णत्वास गेले ते ब्रेकच्या स्थलांतरामुळे. रुंद, गोलसर रिम त्यापूर्वीही निघाल्या होत्या. परंतु ब्रेकची पकड जेवढी उघडे तेवढीच रुंदी शक्य होती, आणि घर्षणासाठी रिमच्या दोन्ही भिंती सपाट ठेवाव्या लागत. रस्त्यावरील शर्यतींत डिस्क-ब्रेकला आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २०१८ साली पूर्ण मान्यता दिली, आणि रिम या कामातून सुटली.

ते काम लहान नव्हते. ८० किलोग्रॅम भार ५०० मीटर खाली उतरला की सुमारे ३,९२,००० जूल ऊर्जा मुक्त होते. त्यातली काही हवा घेते, उरलेली ब्रेकला पचवावी लागते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना साधारण असाच प्रसंग असतो. (मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट चढावयाचा असतो, ही ब्रेकच्या दृष्टीने सोयीची गोष्ट.) अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू उष्णता झटकन पसरवितो. कार्बन-राळेच्या थरांतून आरपार जाताना उष्णतेला त्याहून शंभरपटींवर अधिक अडथळा होतो, त्यामुळे ती पृष्ठभागावर साठते. राळ एका मर्यादेपलीकडे मऊ पडते; त्याच वेळी टायरमधील हवा रिमच्या काठांना बाहेर रेटीत असते. काठ फुगतो, थर सुटतात, आणि क्वचित टायर फुटतो. लॅटेक्सची ट्यूब अशा रिममध्ये वर्ज्य मानली जाई ती याच कारणाने.

सोलापूरच्या सपाट रस्त्यावर ही आपत्ती सहसा येत नाही. म्हणून येथे जुने चाक निरुपयोगी ठरत नाही. डिस्क-ब्रेकचे चाक जुन्या सायकलीला बसत नसल्याने विद्यार्थ्यांचा ओढा वापरलेल्या जुन्या चाकांकडे राहणे स्वाभाविक आहे. मात्र ते चाक पूर्वी कोणत्या घाटातून उतरले हे विक्रेत्यालाही ठाऊक नसते. टायर काढून ब्रेकच्या पट्टीवर सरळ पट्टी टेकवावी. कोठे फुगीर भाग असल्यास पट्टी डुलते. नंतर नाण्याने रिमवर सभोवार हलकेच ठोकीत जावे. अखंड थरांचा आवाज स्पष्ट येतो. तुलनेने सारख्याच जाडीच्या जागी तो अचानक बद्द झाला, तर आत थर सुटले असण्याचा संभव असतो, आणि असे चाक किंमत कितीही उतरली तरी घेऊ नये.