खापरावर मत, वाडग्यात पृथ्वी

दुसऱ्याच्या माथी खापर फोडणं आपल्याला नवं नाही. पण इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात अथेन्समध्ये खापर हीच मतपत्रिका होती! एखादा पुढारी डोईजड होतोय असं वाटलं, की फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर त्याचं नाव कोरायचं आणि चौकात नेऊन द्यायचं. निदान ६,००० खापरं जमली, तर सर्वाधिक मतं मिळालेला माणूस दहा वर्षं हद्दपार. घरदार, शेतीवाडी मात्र त्याचीच राहायची. हा हक्क बायकांना आणि गुलामांना नव्हता, हेही सांगायलाच हवं.

ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने यातला एक हृद्य प्रसंग सांगितलाय. एका निरक्षर खेडुताने शेजारच्या माणसापुढे खापर धरलं, ‘यावर अॅरिस्टायडीस लिहून दे.’ त्याने तुझं काय वाकडं केलं, असं विचारल्यावर तो म्हणाला, काही नाही, पण जो तो त्याला ‘न्यायी, न्यायी’ म्हणतो, ते ऐकून कान किटले. शेजारचा माणूस खुद्द अॅरिस्टायडीस होता. त्याने मुकाट्याने स्वतःचं नाव लिहून दिलं.

आणि ही गंमत तर पुराव्यानिशी: अॅक्रोपोलिसजवळच्या एका विहिरीत थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्याच्या नावाची १९० खापरं सापडली. हस्ताक्षरं जेमतेम चौदा जणांची. म्हणजे कुणीतरी वाटायला गठ्ठाच तयार ठेवला होता!

मडकी कोर्टातही होती. भोक असलेल्या मडक्यात पाणी भरायचं, बूच काढायचं, की वक्त्याची वेळ सुरू. अथेन्सच्या संग्रहालयातलं असं एक मडकं साधारण सहा मिनिटांत रिकामं होतं. पुरावा वाचून दाखवताना धार बंद ठेवत, म्हणजे वक्त्याचा वेळ वाया जात नसे. निवाडा चिठ्ठ्या टाकून निवडलेले शेकडो नागरिक करत. सॉक्रेटिसचा खटला अशाच न्यायसभेपुढे चालला, इसवी सनपूर्व ३९९ मध्ये.

पण मला सर्वांत थक्क करतो तो ग्रीक विद्वान एराटोस्थेनीस. इजिप्तमधल्या सायीनी गावी, म्हणजे आजच्या आस्वानला, उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवशी भरदुपारी सावली पडत नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात वाडग्यासारख्या सावलीयंत्रातल्या काडीची सावली वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढी भरली. दोन गावांतलं अंतर ५,००० स्टेडिया (‘स्टेडियन’ या ग्रीक लांबीच्या मापाचं अनेकवचन). त्याला गुणिले ५०, झाला पृथ्वीचा घेर: २,५०,००० स्टेडिया. खऱ्या आकड्याच्या जवळ जाणारं हे उत्तर, आणि तेही अवकाशात न जाता!

याच ‘स्टेडियन’वरून आपलं स्टेडियम आलं. ऑलिम्पियात एका स्टेडियनची, म्हणजे सुमारे १९२ मीटरची शर्यत असायची. परंपरेनुसार पहिला विजेता कोरीबस, इसवी सनपूर्व ७७६. पेशाने आचारी!

शब्द आपल्यापर्यंतही पोचले. ग्रीकमधला ‘केंट्रॉन’ म्हणजे बैलाला टोचायची पराणी, मग कंपासचं रोवलेलं टोक, मग वर्तुळाचा मध्य. ज्योतिषाबरोबर तो संस्कृतात आला आणि ‘केंद्र’ झाला. ‘होरा’ही तिकडचाच. ‘यवन’ हा शब्द मुळात आयोनियाच्या ग्रीकांवरून आला, आणि कार्ल्याच्या चैत्यगृहातले काही खांब धेनुकाकट गावच्या यवनांनी दान दिलेत. तसे ब्राह्मी लेख त्या खांबांवर आहेत. लोणावळ्याला गेलात तर जरा थांबून बघाच.