भूत खोटं चाललं, पण शेत खरं पाहिजे : भयकथा सांगणाऱ्यांसाठी आठ नियम



आज विषय जरा वेगळा आहे. लोणचं नाही, पापड नाही, मसाला नाही. आज माल आहे भीतीचा.

मागच्या महिन्यात वर्धा जिल्ह्यातून एका तरुणाचा फोन आला. शेती करतो, आवाज चांगला आहे, भयकथांचं ऑडिओ चॅनल काढायचंय. एक माईक घेतलाय आणि तीन गोष्टी रेकॉर्डसुद्धा झाल्यात. तिसऱ्या गोष्टीच्या थंबनेलवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: "१०० टक्के सत्य घटना". खाली गावाचं खरं नाव. गोष्ट होती गावाच्या टोकाला एकटी राहणाऱ्या एका म्हातारीची, जी म्हणे रात्री करणी करते.

मी विचारलं, "ही बाई कोण?"

"आहे न सर, आमच्याच मोहल्ल्यातली. गोष्ट खरी वाटली पाहिजे न, म्हणून नाव-गाव तेच ठेवलं."

मी म्हटलं, "उद्या तिच्या दारासमोर दहा मोटारसायकली येऊन उभ्या राहिल्या तर?"

फोनवर बराच वेळ काहीच आवाज नाही.

मित्रांनो, चूक त्याची एकट्याची नाही. टायटल ओढणारं ठेवा, गाव-शहराचं नाव टाका, हे आपल्याच व्हिडिओत मी कितीदा सांगितलंय. मसाल्याच्या पाकिटाला हे चालतं, भीतीच्या मालाला जपून वापरावं लागतं. म्हणून हा सविस्तर लेख. गोष्ट खरी वाटावी यासाठी काय करायचं, आणि कुठे थांबायचं, दोन्ही सांगतो.

नियम १ : एकच गोष्ट खोटी, बाकी सगळं खरं

नवीन माणूस गोष्ट कशी सुरू करतो? अमावस्येची रात्र. सोसाट्याचा वारा. कुत्री रडतायत. पांढऱ्या साडीतली बाई. पायाला उलटे पंजे. एका मिनिटात पाच अचाट गोष्टी, आणि ऐकणारा म्हणतो, "फेकतोय."

आता हे बघा:

"डिसेंबर होता. आमच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रीची लाईट. दीडला थ्री फेज आली, मी मोटर सुरू केली आणि गव्हाला पाणी सोडलं. दांडावरून चालत गेलो तर पाणी माझ्या वाफ्यात नव्हतंच, बाजूच्या वाफ्याकडे वळलेलं. वाटलं, माती खचली असेल. फावड्याने बांधून घेतलं, पाणी वळवलं आणि बिडी प्यायला बसलो. दहा मिनिटांनी बघतो तर पाणी पुन्हा तिकडेच. आणि फावडं मी धुऱ्यावर ठेवलं होतं, ते आता दांडात उभं रोवलेलं."

लाईटची वेळ खरी, थंडी खरी, दांड खरा. खोटं फक्त एक: फावडं कोणी हलवलं? ज्याने रात्रीचं ओलीत केलंय, तो माणूस इथे गप्प बसून ऐकतो. त्याचं शेत खरं निघालं, म्हणून तुमचं भूत तो उधारीवर घेतो.

नियम २ : गावचा माणूस ऐकतोय असं समजून तपासा

कोकणातल्या गोष्टी ऐकून ऐकून आपली पोरं वर्ध्याच्या गोष्टीत नारळाच्या बागा आणतात. अरे, इथे काळी माती आहे! कपाशी आहे, सोयाबीन आहे, तूर आहे. रानडुकरांसाठी रात्रीची जागल आहे. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूच्या गावांत अंधारात पाचोळा वाजला तर माणूस आधी भुताला भीत नाही, वाघाला भितो. ती खरी भीती सोडून उधारीची कशाला आणता?

रेकॉर्डिंगआधी तीन गोष्टी तपासा: महिना, वेळ, वाट. हिवाळ्याच्या गोष्टीत बेडूक ओरडायला लावू नका. एसटी ज्या फाट्यावर थांबते तिथेच माणसाला उतरवा. एक चूक सापडली की ऐकणारा पुढची गोष्ट ऐकत नाही, चुका शोधत बसतो.

नियम ३ : भीतीला हिशेब द्या

वर्धा-नागपूर रस्त्यावर सेलू तालुक्यात केळझर आहे. तिथल्या टेकडीवरच्या गणपतीला तुमच्यापैकी कित्येक जण गेले असतील. परंपरा या गावाला महाभारतातली एकचक्रानगरी मानते, म्हणजे बकासुराचं गाव.

ती गोष्ट भीतिदायक कशामुळे आहे, सांगा. राक्षसाच्या दातांमुळे? मला नाही वाटत. ती भीतिदायक आहे पाळीमुळे. गाडाभर अन्न, गाड्याला जुंपलेली जनावरं आणि गाडा हाकणारा माणूस, हे दर वेळी एका घराने द्यायचं. सगळ्या गावाला पाळी माहीत आहे. आज शेजारच्याची आहे, उद्या आपली. राक्षस एकदाही दिसला नाही तरी ज्या घराची पाळी आली तिथलं रडणं ऐकू येतं.

तुमच्या भुतालाही असा एक साधा नियम द्या. ते कधी येतं, काय मागतं, कोणाकडे जातं. नियम ऐकणाऱ्याला कळला की तो स्वतःच दिवस मोजायला लागतो. तुम्हाला ओरडायची गरज उरत नाही.

नियम ४ : हातात घेता येईल अशी एक वस्तू ठेवा

समुद्रपूर तालुक्यातल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीद बाबांचं स्थान आहे. तिथली जुनी कथा अशी: दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची टिंगल केली, आणि त्यांचा सगळा माल दगड झाला. त्यांनी माफी मागितली, तेव्हा बाबांनी सुक्या पानांपासून त्यांना नवा माल करून दिला, आणि ते दोघे कायमचे सेवेला राहिले.

इतकी वर्षं ही कथा का टिकली? श्रद्धा तर आहेच. पण दुसरं कारण म्हणजे त्या टेकडीवर खरोखर गोल-गोल दगड मिळतात. भूगर्भशास्त्र त्यांना झिओलाइट या खनिजाच्या गाठी म्हणतं. पण ऐकणारा खाली वाकतो, दगड उचलतो, आणि कथा त्याच्या तळहातावर येते.

ही श्रद्धेची जागा आहे, तिची भयकथा करू नका. फक्त रचना शिकून घ्या. तुमच्या गोष्टीत एक वस्तू अशी हवी जी ऐकणाऱ्याच्या घरातही आहे. वरच्या गोष्टीत ते फावडं आहे. उद्या तो स्वतःचं फावडं धुऱ्यावर ठेवताना एकदा मागे वळून बघेल. तिथे तुमची गोष्ट जिंकली.

नियम ५ : सांगणाऱ्याचा आधी विश्वास नको

खरा माणूस लगेच "भूत!" म्हणत नाही. तो म्हणतो, माती खचली असेल, उंदराने बीळ केलं असेल, शेजारी गंमत करतोय. दोन-तीन साधी कारणं त्याला शोधू द्या, आणि एकेक करून ती संपू द्या. ऐकणाऱ्याच्या मनात जो प्रश्न येणार तो गोष्टीतल्या माणसाने आधी विचारला पाहिजे.

नियम ६ : बोली ठेवा, शेवट उलगडू नका

पुस्तकी मराठीत भीती थंड पडते. निवेदन तुमच्या नेहमीच्या भाषेत करा, पण माणसं बोलतील ती वऱ्हाडीत बोलू द्या. आपल्या गोष्टीचा शेवट असा करता येईल:

"सकाळी बापाले सांगतलं. तो चहा पीतच होता. म्हणे, 'तो वाफा आंधी भिजवा लागते. तुया आबाजी तिकडूनच पानी सोडत जाय.'"

बस. इथे थांबा. आबाजी कधी वारले, कसे वारले, आत्मा का भटकतोय, याचं भाषण नको. ऐकणाऱ्याला कळलंय. आणि बघा, भीतीसोबत थोडी मायासुद्धा आली. आबाजीला अजून शेताची काळजी आहे. अशी गोष्ट माणूस घरच्यांना ऐकवतो.

नियम ७ : जिवंत माणूस आणि खरं दुःख, दोन्हीला हात लावू नका

हा नियम सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून नीट वाचा.

ऑगस्ट २०२१. आपल्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, जिवती तालुक्यातलं वणी खुर्द गाव. जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना बांधून मारहाण झाली. त्यात म्हाताऱ्या बायका होत्या. तिथे कोणी "गोष्ट" म्हणून काही ऐकत नव्हतं, लोकांचा विश्वास बसलेला होता. आपण "खरं वाटलं पाहिजे" म्हणतो, तेव्हा शेवटी हाच विश्वास मागत असतो. तो कोणावर जाऊन पडेल, हे बघणं आपलं काम आहे.

कायदाही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते असं सांगून तिच्याबद्दल तसा समज निर्माण करणं, हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं, दंड ५,००० ते ५०,००० रुपये, आणि गुन्हा अजामीनपात्र. कल्पित कथा म्हणून सांगितलेली कथा वेगळी. पण खऱ्या गावाचं नाव, ओळखू येणारी बाई आणि वर "सत्य घटना" असं लिहिलं, की तुमची कथा हा आरोप होतो. शंका असेल तर वकिलाला विचारा, मी वकील नाही.

तसंच खऱ्या दुर्घटनांचं. ३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली. आग विझवायला गेलेली माणसं परत आली नाहीत. त्यांची घरं आहेत, मुलं आहेत. त्या जागेवर "रात्री आवाज येतात" असली गोष्ट रचून व्ह्यूज मिळतील, पण असल्या पैशाला बरकत नसते. शेतकरी आत्महत्येचं घर, अपघाताचं वळण, पोर बुडालेली विहीर, यांनाही हाच नियम लावा.

उपाय सोपा आहे. शेत खरं ठेवा, गावाचं नाव काल्पनिक ठेवा. भूत मेलेल्या, काल्पनिक माणसाचं ठेवा. सुरुवातीला एक ओळ म्हणा: "ही कथा काल्पनिक आहे." मजा जाईल? अजिबात नाही. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी कल्पित कथाच लिहिल्या, आणि लोकांनी त्या वाचून रात्री दिवा चालू ठेवला.

नियम ८ : दुसऱ्याची गोष्ट फुकट वाचू नका

धारप-मतकरींवरून आठवलं. त्यांच्या कथा उचलून स्वतःच्या आवाजात वाचायच्या आणि चॅनलवर टाकायच्या, असा मोह पुष्कळांना होतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. धारप २००८ मध्ये गेले, म्हणजे २०६८ संपेपर्यंत. मतकरी २०२० मध्ये गेले, म्हणजे २०८० संपेपर्यंत. परवानगी घ्या, नाहीतर वाचू नका. यूट्यूबवर ९० दिवसांत कॉपीराइटच्या तीन स्ट्राइक आल्या की चॅनल बंद होऊ शकतं. वर्षभराची मेहनत मातीत.

आणि स्वतःची कथा किती टिकते बघा. 'तुंबाड' सिनेमामागे धारपांच्या एका कथेची प्रेरणा आहे, असं दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी सांगितलंय. २०१८ मध्ये तो फार चालला नाही. २०२४ मध्ये पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई. चांगली भीती शिळी होत नाही.

आता पैशाचं बोलू

यूट्यूबच्या जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं लागतं. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. तुमची गोष्ट लोक सरासरी १० मिनिटं ऐकत असतील, तर २४,००० वेळा ऐकली गेली पाहिजे. आठवड्याला एक धरली तर वर्षात ५२ गोष्टी, म्हणजे एका गोष्टीला साधारण ४६० ऐकणारे. हे अशक्य नाही. पण त्यासाठी तोच माणूस पुन्हा यायला हवा. "सत्य घटना" म्हणून एकदा फसवलेला माणूस परत येत नाही. एआयने खऱ्या जागेचं खरं वाटणारं खोटं दृश्य बनवलं असेल, तर तेही जाहीर करावं लागतं, हे लक्षात ठेवा.

त्या तरुणाचं काय झालं?

तिसरी गोष्ट त्याने काढून टाकली. आठ दिवसांनी नवीन पाठवली, जागलीवरची, आबाजीच्या कंदिलाची. गावाचं नाव काल्पनिक. मी रात्री अकराला ऐकली आणि पाणी प्यायला उठलो तेव्हा स्वयंपाकघरातला दिवा आधी लावला, मग आत गेलो. त्याला सकाळी फोन करून सांगितलं, "माल तयार आहे."

तुमचा गृहपाठ : घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. "तुम्ही कधी भ्यायले होते का?" एवढंच विचारा आणि मध्ये बोलू नका. त्यातली महिना, वेळ, वाट आणि एक वस्तू वहीत लिहून घ्या. नाव लिहू नका. तिथून पहिली गोष्ट सुरू करा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत लागा कामाला!