गाठ काढली तरी किरणांचे काम उरतेच

स्तनातली गाठ कर्करोगाची आहे असे डॉक्टरांनी सांगितले की घरात पहिली चर्चा निघते ती ऑपरेशनची. कुठे करायचे, कधी करायचे, पैसा किती लागेल? ऑपरेशन पार पडते, टाके निघतात, बाई घरी येते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. मग महिन्या-दोन महिन्यांनी ‘शेकासाठी या’ म्हणून दवाखान्याची तारीख असते. नेमकी तेव्हा कापसाची वेचणी चालू असते, नाहीतर घरात लग्न निघालेले असते. ‘आता बरी हिंडते-फिरते की ती, कशाला पुन्हा शहरात जाऊन राहायचे?’ असे घरातले कुणीतरी म्हणते. आजचा हा लेख त्या म्हणणाऱ्यासाठी आधी आणि आजारी बाईसाठी नंतर.

शेक, लाईट, करंट अशी या उपचाराची नावे गावोगाव ऐकू येतात. खरे म्हणजे त्यात शेकही नसतो आणि अंगात वीजही सोडत नाहीत. क्ष-किरणांच्या जातीचे, पण पुष्कळ जोरकस किरण बाहेरून नेमक्या जागेवर सोडतात. म्हणून त्याला किरणोपचार म्हणायचे. ते लागतात कशाला, हे तुम्हाला हरळीवरून लगेच कळेल. वाफ्यातली हरळी कितीही निगुतीने खणून काढा, बोटभर काशी मातीत राहिली तर पहिल्या पावसात ती पुन्हा डोके वर काढतेच. गाठीचेही तसेच आहे. सर्जनला डोळ्याने दिसते आणि हाताला लागते तेवढे तो काढतो. आसपास विखुरलेल्या पेशी दिसत नाहीत. किरण त्यांच्यासाठी.

किरणांमुळे पेशीच्या आतला जीवनसूत्राचा धागा तुटतो. निरोगी पेशी तो धागा बऱ्याच अंशी सांधून घेते, कर्करोगाच्या पेशीला ते तितकेसे जमत नाही. म्हणून सगळा डोस एका दिवसात न देता रोज थोडा थोडा देतात. शनिवार-रविवारची सुट्टी त्या हिशेबात धरलेली असते. मधेच आठवडाभर गावी निघून जाणे मात्र त्या हिशेबात बसत नाही, कारण तेवढ्यात उरलेल्या वाईट पेशींना वाढायला उसंत मिळते.

पूर्वी हा रोग झाला की सबंध स्तन जायचाच. अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे सर्जन हॉल्स्टेड यांनी १८९४ साली आपली पद्धत मांडली. स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी असे सगळे एकदम काढायचे. पुढची साठ-सत्तर वर्षे जगभर त्याच वाटेने काम चालले. हात जड व्हायचा, छाती खोल जायची, तरी दुसरा इलाज नाही अशी समजूत होती. इटलीत मिलान येथे व्हेरोनेसी यांनी १९७३ पासून, तर अमेरिकेत फिशर यांनी १९७६ पासून ही समजूत तपासायला घेतली. मिलानमध्ये ७०१ स्त्रिया होत्या, फिशर यांच्याकडे १८०० च्या वर. काहींचा सबंध स्तन काढला, काहींची फक्त गाठ काढून उरलेल्या स्तनाला किरण दिले. वीस वर्षे पाठपुरावा केला. निकाल २००२ साली छापून आले. दोन्हीकडच्या स्त्रियांचे आयुष्य सारखेच भरले.

फिशर यांनी आणखी एक गट ठेवला होता, गाठ काढायची पण किरण द्यायचे नाहीत. त्या गटात वीस वर्षांत शंभरातल्या ३९ जणींना त्याच स्तनात रोग उलटला. किरण घेतलेल्यांत हा आकडा १४ होता. आज तपासण्या आणि औषधे सुधारल्यामुळे दोन्ही आकडे पुष्कळ खाली आले आहेत, पण फरक आहेच. पुढे २०११ साली १७ चाचण्यांतल्या दहा हजारांवर स्त्रियांची माहिती एकत्र मांडली गेली. तीत दिसले ते असे की पहिल्या दहा वर्षांत चार जणींचा उलटणारा रोग किरणांनी थोपवला, तर पंधरा वर्षांपर्यंत त्यातला एक जीव वाचतो. तेव्हा स्तन राखता येतो, पण बहुतेकींच्या बाबतीत किरणांच्या बोलीवर. अर्धी बोली पाळून भागत नाही.

‘मग सगळा स्तनच काढून टाका, म्हणजे किरणांची कटकट नको,’ असे म्हणणाऱ्या बायका आणि त्यांचे नवरे पुष्कळ भेटतात. त्यांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, गाठ मोठी असेल किंवा काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचला असेल, तर सबंध स्तन काढल्यावरही छातीला किरण द्यावे लागतात. दुसरी गोष्ट दिवसांची. पूर्वी पाच आठवडे जावे लागे, पंचवीस दिवसांत ५० ग्रे. ग्रे हे किरणांचे माप आहे, दुधाला जसे लिटर. ब्रिटन आणि कॅनडातल्या चाचण्यांनी दाखवले की रोजचा डोस किंचित वाढवून पंधरा-सोळा दिवसांत काम तितकेच चांगले होते. आज तीन आठवड्यांचा हा उपचार रूढ झाला आहे. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे ब्रिटनमध्ये चार हजारांवर रुग्णांवर झालेली चाचणी. पाच दिवसांत २६ ग्रे दिले, तरी पाच वर्षांनंतरचा निकाल तीन आठवड्यांच्या तोडीचा आला. हे २०२० साली प्रसिद्ध झाले. सगळ्यांनाच आठवड्यात मोकळे करता येत नाही. काखेच्या, गळ्याच्या बाजूला किरण हवे असतील तर दिवस वाढू शकतात. तरुण वयाच्या बाईला गाठीच्या मूळ जागेवर काही जादा डोस देतात. म्हणून ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना विचारा, ‘माझे किती दिवस लागतील?’ उत्तर ऐकल्याशिवाय स्तन काढण्याच्या कागदावर अंगठा उठवू नये, असे मला वाटते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. पासष्टी ओलांडलेली बाई, लहान गाठ, काख स्वच्छ आणि गाठ हार्मोनच्या गोळ्यांना दाद देणारी, अशा ठिकाणी गोळ्या नेमाने घेतल्यास किरण टाळले तरी आयुष्य कमी होत नाही, असे दहा वर्षांच्या पाहणीत दिसले. त्याच स्तनात रोग उलटण्याचा धोका थोडा वाढतो. हा निर्णय डॉक्टरांबरोबर बसून करायचा.

प्रत्यक्ष उपचारात दुखत नाही. आधी सी. टी. स्कॅन काढून नकाशा आखतात आणि अंगावर खुणा करतात. त्या घासून पुसू नयेत. हात डोक्यावर घेऊन स्थिर पडावे लागते, म्हणून ऑपरेशननंतर सांगितलेले खांद्याचे व्यायाम चुकवू नयेत. डाव्या बाजूच्या रुग्णाला काही ठिकाणी श्वास भरून धरायला लावतात. त्याने हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते. मशीन कोबाल्टचे असते किंवा विजेवर चालणारे. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्राने घडवलेले ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचेच. काही मिनिटांत सुटका होते. केस जातात ते औषधांच्या सलाईनने, छातीच्या किरणांनी नव्हे. बाहेरून किरण घेतलेल्या बाईच्या अंगात किरण साठत नाहीत. तिने लेकराला जवळ घ्यावे, एका ताटात जेवावे. पोटात मूल असेल तर मात्र आधीच सांगावे.

कातडी लाल होते, काळवंडते, घडीत सोलवटते. थकवा येतो. सैल सुती पोलके घालावे. हळद, तेल, बाम, अंगारा यांतले काही विचारल्याशिवाय लावू नये. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूचा हात पुढेही जपावा लागतो. काटा रुतला, विळा लागला तर लगेच धुऊन औषध लावावे. हात सुजू लागला तर थांबू नये.

आता उलटलेल्या रोगाविषयी. वर्षांनी पुन्हा गाठ लागली की अनेक घरांत ‘आता संपले’ म्हणून हातपाय गाळतात. ते घाईचे आहे. आधी नव्या गाठीचा तुकडा तपासतात आणि रोग आणखी कुठे आहे का ते पाहतात. पूर्वी किरण घेतलेल्या स्तनातच गाठ आली तर बहुधा सबंध स्तन काढतात. पहिल्या खेपेला किरण घेतले नसतील आणि टाक्यांच्या जागी किंवा छातीवर गाठी आल्या, तर जमेल तेवढ्या काढून छातीला आणि गळ्याच्या बाजूला किरण देतात, आणि त्यातून रोग आटोक्यात येऊ शकतो. त्याच जागी दुसऱ्यांदा किरण देणे अवघड, कारण निरोगी भागाची सोसण्याची ताकद पहिल्या डोसात बरीचशी खर्ची पडलेली असते. तरी निवडक रुग्णांत, मोजूनमापून, मोठ्या केंद्रांत तेही करतात.

रोग हाडात गेला तर तो मुळापासून जात नाही, पण दुखणे हटवता येते. ८ ग्रेचा एकच डोस, एकच दिवस, आणि दहापैकी सहाएक जणींना आराम पडतो. कण्हत पडलेल्या आईसाठी हे फार मोठे आहे. पाठ दुखून पायांतले बळ अचानक गेले किंवा लघवी अडली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

परळच्या टाटा रुग्णालयाखेरीज बार्शी, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथेही कर्करोगाची रुग्णालये आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचार बसतात. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड दाखवून विचारा. उपचारासाठी जाताना रेल्वेत सवलत मिळते, तिला रुग्णालयाचा दाखला लागतो. मुंबईत राहण्याची अडचण असेल तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

शेवटचा दिवस झाला की किती ग्रे, किती दिवस, कोणत्या जागी दिले हे लिहिलेला कागद मागून घ्या. रोग पुन्हा उलटलाच तर पुढचा डॉक्टर सर्वांत आधी तोच मागेल. सातबाऱ्याचा उतारा ज्या पेटीत ठेवता, त्याच पेटीत तो ठेवा.