भुंकू द्या, पण थांबायलाही शिकवा

किनाऱ्यावरच्या गावात कुत्र्याचं भुंकणं म्हणजे राखण. पालघर तालुक्यातल्या दांडीत किंवा लगतच्या उच्छेळीत मासळीच्या दिवसांत अंगणात जवळा पसरलेला असतो, वलांडीवर बोंबील सुकत असतात, बाहेर जाळी आणि होड्या असतात. कावळा आला, मांजर शिरलं, अनोळखी माणूस जाळ्यांपाशी घुटमळला, तर त्याची वर्दी देणारं कुत्रं घराला हवंच असतं.

पण तेच सात-आठ महिन्यांचं कुत्रं रात्री दोन वाजता भुंकायला लागतं आणि तासभर थांबत नाही, तेव्हा सगळी आळी जागी होते. तारापूर औद्योगिक वसाहतीतून दुसरी पाळी करून आलेला कामगार नुकताच आडवा झालेला असतो. कुणाला पहाटेच्या भरतीला बोट काढायची असते, कुणाच्या घरात तान्हं मूल असतं. मग काठी उगारली जाते, दगड येतो, साखळी आखूड होते. शेवटी कुणीतरी त्या कुत्र्याला दूरच्या किनाऱ्यावर नेऊन सोडतं. शिकवून सुटणाऱ्या सवयीसाठी ही शिक्षा फार मोठी आहे. तरुण कुत्र्याला गप्प करायचं नसतं, थांबायला शिकवायचं असतं. ते जमतं, आणि त्यासाठी महागडा प्रशिक्षक लागत नाही.

आधी ऐका

भुंकणं हा कुत्र्याचा स्वभावच आहे. लांडगे क्वचित भुंकतात. माणसाच्या सोबतीने राहू लागलेल्या कुत्र्यांत मात्र हा आवाज फार वाढला आणि त्याचे प्रकारही झाले. हंगेरीतल्या बुडापेस्टमध्ये पीटर पोंग्रात्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मुदी' जातीच्या मेंढपाळी कुत्र्यांचं भुंकणं वेगवेगळ्या प्रसंगी ध्वनिमुद्रित केलं आणि ते लोकांना ऐकवलं. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ज्यांनी कधी कुत्रं पाळलेलं नव्हतं अशांनाही अनोळखी माणसावरचं भुंकणं आणि एकट्या पडलेल्या कुत्र्याचं भुंकणं यांतला फरक बऱ्यापैकी ओळखता आला. जाड, खरखरीत आणि भराभर येणारा आवाज लोकांना रागाचा वाटला. बारीक, उंच आणि मध्ये मध्ये थांबणारा आवाज भीतीचा किंवा व्याकूळपणाचा वाटला.

हा कान आपल्यालाही आहे, त्याचा वापर करायला हवा. एक वही घ्या आणि आठवडाभर तीन गोष्टी लिहा: कुत्रं किती वाजता भुंकलं, त्याच्या लगेच आधी काय घडलं, आणि भुंकल्यावर त्याला काय मिळालं. फाटकाकडे तोंड करून, शेपूट ताठ ठेवून भुंकत असेल तर ती वर्दी आहे. तुमच्या तोंडाकडे बघून, थांबून थांबून भुंकत असेल तर ती मागणी. घर रिकामं झाल्यावर सुरू होत असेल तर एकटेपणा. फटाक्याच्या आवाजाला, कान मागे पाडून, अंग चोरून भुंकत असेल तर भीती. चार कारणांचे चार उपाय आहेत. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की भुंकणं वाढतं.

वय अडनिडं असतं

कुत्र्याच्या पिल्लाचा जगाशी परिचय होण्याचा सर्वांत नाजूक काळ साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात असतो. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकी संशोधकांनी १९६५ मध्ये आपल्या ग्रंथात हे सविस्तर मांडलं. या काळात पिल्लाने छत्रीवाला, हेल्मेट घातलेला, डोक्यावर पाटी घेतलेली बाई, रिक्षा, बोटीचं इंजिन हे सगळं शांतपणे पाहिलं-ऐकलं असेल, तर पुढे प्रत्येकावर भुंकण्याचं त्याला कारण उरत नाही. याच वयात पिल्लाला आईपासून फार लवकर तोडण्याने नुकसान होतं. आठ आठवड्यांखालच्या पिल्लाच्या विक्रीला तर आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार मनाईच आहे.

यानंतर येतं ते पौगंडावस्थेचं वय. ब्रिटनमधल्या ल्युसी अ‍ॅशर आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये दाखवून दिलं की, पाच महिन्यांचं असताना ऐकणारं कुत्रं आठ महिन्यांचं झाल्यावर स्वतःच्याच माणसाचं कमी ऐकतं. त्यामुळे 'लहानपणी शहाणं होतं, आता बिघडलं' असं वाटतं, तेव्हा बहुतेक वेळा ते बिघडलेलं नसतं, वाढत असतं. नेमका याच वयात लोकांचा धीर सुटतो. हा टप्पा सरणारा आहे, एवढं ध्यानात ठेवलं तरी अर्धी काठी खाली येते.

भरती आणि पाळी

कुत्रं कसं पाळावं हे सांगणारी बहुतेक पुस्तकं घड्याळावर चालणाऱ्या घरासाठी लिहिलेली असतात. दांडीतलं घर घड्याळावर चालत नाही. भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि बोटी निघण्या-येण्याची वेळ तिच्याबरोबर सरकते. घरातला एखादा मुलगा बोईसरला कारखान्यात असला तर त्याची पाळी बदलत राहते. म्हणजे एका रात्री तीन वाजता दारात चार माणसं, कंदील आणि जाळी. दुसऱ्या रात्री त्याच वेळी शुकशुकाट. ज्या कुत्र्याला काय अपेक्षित आहे हेच कळत नाही, ते प्रत्येक चाहुलीला भुंकणार.

यावर उपाय असा की दिनक्रम वेळेला न बांधता घटनेला बांधा. माणूस बाहेर निघण्याआधी नेहमी तीच गोष्ट करा: कुत्र्याला थोडं फिरवा, पाणी द्या, त्याच्या जागेवर बसवा, एकच ठरलेला शब्द बोला आणि निघा. परत आल्यावरही तोच क्रम ठेवा. वेळ बदलली तरी क्रम बदलला नाही, की कुत्र्याला पुढचं कळतं आणि ते निवांत होतं.

आणखी एक गोष्ट या किनाऱ्याचीच. १ जूनपासून निदान ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या, माणसं घरात. या दिवसांत आणलेल्या पिल्लाला सदा भरलेलं घर हेच जग वाटतं. मग बंदी उठते, पुरुष समुद्रावर जातात, बायका मासळी घेऊन बाजाराला, मुलं शाळेत, आणि ते पिल्लू पहिल्यांदाच एकटं पडतं. त्याचं दिवसभराचं रडणं-भुंकणं हा हट्ट नसतो. म्हणून बंदीच्या काळातच त्याला एकटं राहण्याची सवय लावायला हवी. आधी एक मिनिट दाराआड जा आणि ते भुंकायच्या आत परत या. मग पाच मिनिटं, मग पंधरा, मग तास. जाताना लाडाचा निरोप नको, आल्यावर सोहळा नको. चघळायला काहीतरी द्या आणि शांतपणे निघा.

'पुरे' हा शब्द

कुत्रं भुंकतं तेव्हा आपण 'गप बस' म्हणून ओरडतो. त्याला शब्द कळत नाही, आवाज कळतो, आणि आपला माणूसही आपल्यासोबत भुंकतोय असंच त्याला वाटतं. मार दिला तर भीती वाढते. शिवाय वर्दी दिल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढे वर्दी न देताच चावण्याचा धोका असतो. विजेचा झटका देणारे पट्टे हाही माराचाच प्रकार आहे, ते घेऊ नका. तोंड बांधून ठेवणं तर घातकच. कुत्रं जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंगातली उष्णता घालवतं, आणि आपल्या दमट हवेत तोंड बांधलेल्या कुत्र्याला उष्माघात होऊ शकतो.

वर्दीच्या भुंकण्यासाठी हे करा. दोन-तीनदा भुंकू द्या. मग उठून त्याच्याजवळ जा, ते बघतंय तिकडे तुम्हीही बघा आणि नेहमीच्या आवाजात एकदाच 'पुरे' म्हणा. लगेच त्याच्या नाकापाशी खाऊ न्या. वास घेताना कुत्र्याला भुंकता येत नाही, त्यामुळे ते क्षणभर थांबेल. त्याच क्षणी 'शाब्बास' म्हणून खाऊ द्या. पुढे खाऊ देण्याआधीची शांतता हळूहळू लांबवा: दोन सेकंद, पाच, दहा. मग खाऊ कधी द्या, कधी नुसती पाठ थोपटा. खाऊ म्हणून बिनमिठाच्या सुक्या बोंबलाचा नखाएवढा तुकडा किंवा उकडलेलं अंडं चालतं. खारवलेली मासळी मात्र देऊ नका, एवढं मीठ कुत्र्याला सोसत नाही. घरातल्या सगळ्यांनी हाच शब्द वापरायचा. आजी 'हाड' म्हणते, मुलगा 'चूप' म्हणतो आणि आई चप्पल दाखवते, अशा घरात कुत्रं काहीच शिकत नाही.

मागणीच्या भुंकण्याचा उपाय उलटा आहे. ताटाशी बसून भुंकणाऱ्या पिल्लाला दहाव्या भुंकण्याला घास दिला, तर दहा वेळा भुंकायचं हेच आपण त्याला शिकवलं. त्याच्याकडे बघू नका, बोलू नका, पाठ फिरवा. गप्प झालं की मगच द्या. सुरुवातीचे काही दिवस भुंकणं वाढेल, कारण आजवर चाललेला उपाय अचानक का चालत नाही हे ते जोर लावून पाहतं. इथेच टिकायचं. त्या दिवसांत कुणी एकाने जरी दया दाखवली, तरी सवय आणखी घट्ट होते.

भीतीच्या भुंकण्याला दुर्लक्ष चालत नाही. माणसाला सुमारे २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला ४५ हजारांच्या आसपास. दिवाळीचे फटाके, लग्नातला डीजे, कारखान्याचा भोंगा त्याच्या कानावर आपल्यापेक्षा कितीतरी जास्त आदळतो. तारापूरच्या वसाहतीत २०१८ आणि २०२० मध्ये मोठे स्फोट झाले. अशा आवाजाने बिथरलेल्या कुत्र्याला आतल्या खोलीत घ्या, दारं-खिडक्या लावा, शेजारी बसा. धीर दिल्याने भीती वाढत नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी आहे शरीराची आणि नाकाची भूक. तरुण कुत्र्याला दिवसातून दोनदा मनसोक्त फिरणं हवंच. दांडीला समुद्रकिनारा आहे. ओहोटीच्या वेळी, ऊन उतरल्यावर, ओल्या वाळूवर त्याला पळू द्या आणि हवं तितकं हुंगू द्या. जाळ्यांचे तुकडे आणि गळ पडलेले असतात, तिकडे लक्ष असू द्या. दमलेलं कुत्रं रात्री झोपतं.

साखळी आणि शेजार

रात्री एक कुत्रं भुंकलं की गावातली सगळी त्याला साथ देतात. त्यात तरुण पाळीव कुत्रं सर्वांत उशिरा थांबतं. 'पुरे' शिकेपर्यंत त्याला रात्री ओट्यावर न ठेवता घरात घ्या, रस्ता दिसणार नाही अशी जागा द्या.

दिवसभर बांधून ठेवलेलं कुत्रं जास्त भुंकतं. ते कायद्यालाही मान्य नाही. प्राणी क्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ नुसार जनावर अवास्तव आखूड किंवा जड साखळीने अवास्तव काळ बांधून ठेवणं, बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणं आणि पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडून देणं हे सगळे गुन्हे आहेत. बोईसरच्या इमारतींत राहणाऱ्यांसाठीही एक गोष्ट: भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे केवळ भुंकतो म्हणून सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी करता येत नाही, पण रात्री त्याला शांत ठेवण्याची काळजी मालकाने घ्यावी, असंही त्यात म्हटलं आहे. शेजाऱ्याची झोप हा त्याचा हक्क आहे. तो तक्रार घेऊन येण्याआधी आपणच जाऊन 'शिकवतोय, थोडे दिवस सांभाळून घ्या' असं सांगावं. एवढ्याने पुष्कळ भांडणं टळतात.

डॉक्टरांकडे केव्हा

शांत असलेलं कुत्रं अचानक भुंकायला लागलं, कान खाजवत राहिलं, अन्न सोडलं, तर दुखणं शोधा. कानातला संसर्ग, जंत, जखम यांनीही कुत्रं अस्वस्थ होतं. आवाज एकाएकी घोगरा झाला, लाळ गळू लागली, चाल आणि वागणं बदललं, तर रेबीजचा संशय घ्या, त्याच्यापासून लांब राहा आणि लगेच पशुवैद्यकांना कळवा. चावा किंवा ओरखडा असल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन ताबडतोब दवाखाना गाठा. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस द्यायची आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दरवर्षी. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क क्रमांक आहे. नसबंदीही करून घ्या. तिने सगळं भुंकणं थांबत नाही, पण माजाच्या दिवसांतली भटकंती आणि रात्रीची भांडणं कमी होतात, आणि किनाऱ्यावर बेवारस पिल्लं वाढत नाहीत.

घरात तरुण कुत्रं असेल तर आजच वही काढा, शब्द ठरवा आणि घरातल्या प्रत्येकाला तो सांगा. रोज थोडा थोडा वेळ, पण न चुकता द्या. आणि पिल्लू आणायचं मनात असेल, पण त्याच्या पहिल्या वर्षासाठी एवढा वेळ हाताशी नसेल, तर यंदा आणू नका.